विश्लेषण : डेटाबेस सुरू असतानाच लॉग फाइल कशी बदलतात?

बँक, रेल्वे आरक्षण, रुग्णालय यांचे डेटाबेस चोवीस तास सुरू असतात. त्यातील त्रुटी, रेंगाळलेल्या क्वेरी यांची नोंद लॉग फाइलमध्ये होत राहते. ही फाइल फुगत जाऊन डिस्क भरली, तर नवे व्यवहार नोंदवायला जागा उरत नाही आणि कामकाज ठप्प होते. म्हणून ठरावीक काळाने जुनी फाइल बाजूला काढून नवी सुरू केली जाते. यालाच लॉग रोटेशन म्हणतात.

फाइल डिलीट केली तरी जागा का मिळत नाही?

लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि तिच्यातील मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. डिलीट केल्यावर फक्त नाव जाते. डेटाबेसने फाइल उघडी ठेवलेली असल्याने तो तिच्यातच लिहीत राहतो. फाइल यादीत दिसत नाही, डिस्क मात्र भरतच जाते. फाइलींचा आकार मोजणारी ‘डीयू’ आणि डिस्कचा वापर दाखवणारी ‘डीएफ’ या कमांडच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर हीच शक्यता आधी तपासावी.

योग्य पद्धत कोणती?

आधी फाइलचे नाव बदलायचे आणि मग डेटाबेसला जुनी फाइल बंद करून नवी उघडायला सांगायचे. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘फ्लश लॉग्ज’ ही कमांड आहे. पोस्टग्रेसचा लॉग कलेक्टर सुरू असेल, तर मूळ सेटिंगनुसार 24 तासांनी किंवा 10 एमबी झाल्यावर तो स्वतःच फाइल बदलतो. दोन्हींत सेवा बंद करावी लागत नाही. फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याचाही पर्याय असतो. पण या दोन कृतींच्या मधल्या क्षणी आलेल्या नोंदी हरवू शकतात.

कोणत्या फाइलींना हात लावू नये?

व्यवहारांच्या लॉगना. डेटाबेस अचानक बंद पडल्यास अर्धवट राहिलेले काम त्यांच्याच आधारे सावरले जाते. पोस्टग्रेसमध्ये या फोल्डरचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होते. नावातील ‘लॉग’ पाहून काहींनी त्यातील फाइली बिनकामाच्या समजून पुसल्या आणि डेटा कायमचा गमावला. अखेर 2017 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत ते नाव बदलून ‘पीजी_वॅल’ करण्यात आले. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगही हाताने न पुसता ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ या कमांडनेच काढाव्यात.