चोर बीटीत चोर कोण?

मृग तोंडावर आला की जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या कृषी केंद्रांपुढे सरकीच्या बॅगांसाठी गर्दी होते. त्याच दिवसांत गावोगाव दबक्या आवाजात आणखी एका बॅगेची चौकशी चालते, ती म्हणजे चोर बीटीची. कागदोपत्री ही एचटीबीटी, म्हणजे तणनाशक फवारलं तरी न जळणारी कपाशी. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही, म्हणून लोक ती घेतात.

पण यात चोरी कुणाची? पेटंटवाल्या कंपनीची, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात या बियाण्यावरची बंदी 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची आहे. केंद्राच्या मंजुरीवाचून जनुकीय बदल केलेलं पीक घेता येत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या मंजुरीसाठी जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीने केलेला अर्ज तिनेच 2016 साली मागे घेतला. म्हणजे भानगड परवानगीची आहे, मालकीची नव्हे. अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेने हेच बियाणं उघड्यावर पेरलं, गुन्हे दाखल झाले. तेव्हाही मागणी तंत्रज्ञान स्वातंत्र्याची होती.

मालकीचं भांडण वेगळं, आणि ते बड्यांचं. 2002 साली आलेल्या पहिल्या बीटी कपाशीच्या जनुकावर मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीचं भारतात पेटंटच नव्हतं, तरी कंपन्यांमधल्या करारांमुळे तिचं तंत्रज्ञान शुल्क बॅगेच्या किमतीत धरलं जाई. त्यानंतरच्या बोलगार्ड-2 या बीटीचं पेटंट मात्र होतं. नुझीवीडू या बियाणे कंपनीबरोबरच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2018 मध्ये ते रद्द ठरवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीला धाडलं. दरम्यान सरकारने हे शुल्क 2016 साली बॅगेमागे 49 रुपयांवर आणलं आणि 2020 मध्ये शून्य केलं. शेवटी पैसे ज्याच्या खिशातून जात होते, त्या शेतकऱ्याला या खटल्यात कुणी विचारलंही नाही.

पेटंटचे कायदे कडक करा म्हणणारे ‘चोरी’, ‘पायरसी’ हे शब्द सर्रास वापरतात. मात्र हळदीवरचं अमेरिकी पेटंट 1997 साली भारताने रद्द करवलं, तेव्हा ‘बायोपायरसी’चा ठपका पेटंटवाल्यांवरच होता! शिव्या दोन्ही बाजूंना येतात. मला मात्र कलमं वाचलेली बरी वाटतात. 2001च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, पेरायला, वाटायला, विकायलाही मुभा देतं. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तरीही पेप्सिकोने 2019 मध्ये बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीभराचा दावा ठोकला. बोंबाबोंब झाली तेव्हा तो मागे घेतला.

चोर बीटीत खरा फसतो तो घेणारा. बॅगेवर धड पत्ता नाही, बिल नाही, उगवणीची हमी नाही. आत साधी सरकी निघाली आणि तणनाशकाने अख्खं शेत जळालं, तरी भरपाई मागायची कुणाकडे? तक्रार घेऊन कृषी कार्यालयात गेला, तर पहिला प्रश्न त्यालाच होणार: हे बियाणं तुमच्याकडे आलं कुठून?