व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही? हवेची गळती शोधा

वसई-विरारकरांनो, मोटर घोंघावतेय पण धूळ जागची हलत नाही, म्हणून लगेच नवीन मशीन घ्यायला धावू नका. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने दारोदारी जाऊन विकलेली मशिनं अजून कित्येकांच्या माळ्यावर असतील. मोटर धडधाकट असते, रबर म्हातारं झालेलं असतं.

पिशवी रिकामी करा, फिल्टर साफ करा. मशीन चालू करून पाइपचं तोंड तळहाताने दाबा. आवाज चढला तर ठीक. तसाच राहिला तर हवा मधूनच कुठून तरी शिरतेय. आता पाइप काढून थेट मशीनच्या तोंडावर हात ठेवा. इथे आवाज चढला तर दोष पाइपात, नाहीतर बहुधा झाकणाच्या गॅस्केटमध्ये. हात दोन-तीन सेकंदच ठेवा, कारण बऱ्याच मशिनांत हीच हवा मोटरला थंड ठेवते.

मग प्लग काढा. गॅस्केटच्या खाचेत धूळ दडलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, रबर फुगून सैल पडतं. चिरलेलं किंवा कडक झालेलं गॅस्केट मात्र बदलाच. दुकानात जाताना जुनं गॅस्केट आणि मॉडेल नंबर सोबत न्या.

पाइप बहुतेक मुठीजवळच चिरतो. तेवढा तुकडा कापून आट्यांची मूठ पुन्हा फिरवून बसवता येते. चिकटपट्टी? आपल्या पावसाळी दमट हवेत तिचा भरवसा धरू नका.