साधी गोळी, अवघड सोयरीक

आमच्या वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या निंदणापासून वेचणीपर्यंत कंबरदुखी पाठ सोडत नाही. कंबर धरली की माणूस दवाखान्यात जात नाही, मेडिकलवर जातो. ‘भाऊ, दुखण्याची गोळी द्या,’ एवढं म्हटलं की काम होतं. डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरच द्यायची. पण चिठ्ठी मागतो कोण? आणि ‘आधी कोणती औषधं चालू आहेत?’ हे तर सहसा कोणी विचारतच नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचंच सांगतो. रक्तदाबासाठी त्यांना दोन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, गुडघ्यांसाठी त्यांनी आठवडाभर डायक्लोफेनॅक घेतली. पाय सुजले, लघवी कमी झाली. मूत्रपिंडांवर ताण आला होता. डॉक्टरांनी गोळी वेळीच थांबवली म्हणून निभावलं.

असं का होतं? आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. अॅस्पिरिन ती रोखतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं; १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचंही काम तसंच. पण हीच द्रव्यं दुखणं वाढवतात, तशी जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. दुखणं थांबतं, त्याबरोबर ही राखणही जाते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि उन्हाने आटलेलं पाणी यांची भर पडली की मूत्रपिंडं कोंडीत सापडतात.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन घेणाऱ्याने आधी आयबुप्रोफेन घेतली, तर अॅस्पिरिनचा उपयोगच कमी होऊ शकतो.

मग पॅरासिटॅमॉल? ती त्यामानाने सौम्य. पण धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. सर्दीच्या गोळीतही बरेचदा तीच असते, हे लक्षात येत नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृताला तर ती आणखी जड. जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते, हे वाचक जाणतातच!

उपाय सोपा आहे. घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची यादी एका कागदावर लिहा आणि दुकानात जाताना तो खिशात ठेवा. काळी शौच, पायांना सूज, कमी लघवी यांपैकी काही दिसलं तर तडक डॉक्टरांकडे जा.

सोयरीक जुळवताना आपण दहा घरी चौकशी करतो. गोळ्यांची सोयरीक जुळवताना निदान एक प्रश्न तरी विचारू या!