कमिट कोणी केलं?

ठेवीची मुदत संपत आल्याची पत्रं चाचणीसाठी काढून पाहिली, तेव्हा काही पत्रांवर नावच नव्हतं. पत्ता होता, खाते क्रमांक होता, रक्कम पैशापर्यंत बरोबर होती. ‘प्रति’च्या पुढे मात्र कोरी जागा. एरर कुठेच नव्हती. ओरॅकलवर वर्षानुवर्षं चालत आलेली क्वेरी पोस्टग्रेसवर एका अक्षराचाही बदल न करता चालली होती आणि तिने निमूटपणे चुकीचं उत्तर दिलं होतं. चाचणी करणाऱ्या मुलीने नाव गायब झालेल्या खातेदारांची यादी शेजारी उघडली, थोडा वेळ वरखाली केली आणि म्हणाली, “मॅडम, या सगळ्यांचं मधलं नाव भरलेलंच नाहीये.”

आपल्याकडे पूर्ण नाव बहुधा तीन कॉलमांत ठेवतात: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. ते जोडायला दोन उभ्या रेषांचं चिन्ह वापरतात. मधलं नाव नल असलं तर ओरॅकल ते सोडून देतं आणि उरलेली दोन जोडतं. पोस्टग्रेस एसक्यूएलच्या प्रमाणित नियमाने चालतं: नल म्हणजे ठाऊक नसलेली किंमत, आणि ठाऊक नसलेल्याशी जे जोडाल तेही ठाऊक नसलेलंच. एक तुकडा नल, की अख्खं नाव नल. मायएसक्यूएलमध्ये तर ते चिन्ह मूळ सेटिंगमध्ये जोडणीचं नाहीच, ते ‘किंवा’चं आहे, तिथे नावाच्या जागी शून्य येतं. दुरुस्ती सोपी आहे. नल वगळून जोडणारं फंक्शन पोस्टग्रेसमध्ये तयार मिळतं. पण ते चिन्ह कुठेकुठे वापरलंय हे शोधायचं म्हणजे व्ह्यू, ट्रिगर, रिपोर्ट, पहाटे चालणाऱ्या स्क्रिप्ट, सगळं उपसावं लागतं.

मी पुण्यात डेटाबेसचं काम करते. सुरुवात ओरॅकलवर झाली, पुढे एसक्यूएल सर्व्हर आला, मग पोस्टग्रेस. आता आमच्या टीममध्ये एकाच माणसासमोर एकाच दिवशी तिन्ही उघडे असतात. कारण मुख्यतः पैशाचं आहे. व्यावसायिक डेटाबेसचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, मशीन मोठं केलं की बिल वाढतं. ॲमेझॉनने २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या ग्राहक व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचं जाहीर केलं. सुमारे साडेसात हजार डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा त्यांनी स्वतःच्याच सेवांवर हलवला होता. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण आणलं. त्यानंतर ‘पोस्टग्रेसवर जायचंय’ हे वाक्य आमच्या बैठकांत वारंवार ऐकू येऊ लागलं.

त्या बैठकांत मॅनेजर हमखास विचारतात, “एसक्यूएल तर सगळीकडे सारखंच ना?” दोन आठवड्यांचं ट्रेनिंग पुरेल असा त्यांचा अंदाज असतो. माझं मत नेमकं उलटं आहे. जे वेगळं दिसतं ते दोन आठवड्यांत येतं. एसक्यूएल सर्व्हरचा ‘टॉप’, ओरॅकलचा ‘रोनम’, पोस्टग्रेसचा ‘लिमिट’ यांत चूक झाली तर डेटाबेस लगेच ओरडतो आणि आपण सुधारतो. सारखं दिसतं तेच घात करतं, कारण तिथे कोणी ओरडत नाही.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध १९७० साली प्रसिद्ध केला. त्यावर आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी आज आपण एसक्यूएल म्हणतो ती भाषा बेतली. ओरॅकल १९७९ साली बाजारात आलं आणि एसक्यूएलचं पहिलं अमेरिकी प्रमाण ठरलं १९८६ साली. म्हणजे नियम ठरण्याआधी सात वर्षं ओरॅकल लोकांच्या कामात होतं. तेव्हा रिकामी स्ट्रिंग आणि नल त्याने एकच धरले, आणि त्यावर इतका कोड उभा राहिला की आता ते बदलणं जवळपास अशक्य आहे. पोस्टग्रेसचं तर उलट. बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली १९८६ साली ते सुरू झालं तेव्हा त्याची भाषा एसक्यूएल नव्हतीच. एसक्यूएल त्यात जवळजवळ दशकभराने आली, तोवर प्रमाण पक्कं झालेलं होतं. मायग्रेशनमध्ये आपल्याला जी भांडणं सोडवावी लागतात, त्यांतली बरीच या तारखांतून आलेली आहेत.

मराठी डेटा असला की आणखी एक पेच येतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘रामचंद्र’ लिहायला काना, अनुस्वार, हलन्त धरून आठ चिन्हं लागतात, म्हणजे चोवीस बाइट. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजतात, त्यामुळे वीस लांबीच्या कॉलमात रामचंद्र मावत नाही. पोस्टग्रेस अक्षरं मोजतं, तिथे तो आरामात बसतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सहसा मजकुराच्या आधी ‘एन’ लावावा लागतो. तो राहिला तर रामचंद्राच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठवली जाते, तीही बिनतक्रार.

पण हाताची सवय खरी कळते ती ट्रान्झॅक्शनमध्ये. आमच्या इथले एक ज्येष्ठ सहकारी ओरॅकलवर वाढलेले. त्यांची पद्धत ठरलेली: अपडेट द्यायचं, किती रो बदलल्या ते वाचायचं, सिलेक्ट करून खात्री करायची, मग कमिट. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर रोलबॅक. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये ही शिस्त चालते, कारण कमिट म्हणेपर्यंत बदल पक्का होत नाही. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये एंटर दाबला की झालं. आकडा वाचायला डोळे वर जाईपर्यंत बदल पक्का झालेला असतो. आता ते प्रॉडक्शनवर काहीही टाइप करण्याआधी ‘बिगिन’ लिहितात. बिगिन दिलं की प्रॉम्प्टमध्ये डेटाबेसच्या नावापुढे एक छोटी चांदणी उमटते. त्यांच्या मागे उभं राहून पाहिलं की कळतं, ते आधी चांदणी बघतात आणि मगच अपडेट लिहितात. मध्ये एखादी चूक झाली की चांदणीचं उद्गारचिन्ह होतं आणि मग पोस्टग्रेस त्या ट्रान्झॅक्शनमधली पुढची कुठलीच क्वेरी चालवत नाही. रोलबॅक करूनच बाहेर पडावं लागतं. ओरॅकलमध्ये चुकलेली एक आज्ञा तेवढी रद्द होते, आधीचं काम शाबूत राहतं. ओरॅकलच्या माणसाला हे उद्गारचिन्ह सुरुवातीला फार जाचक वाटतं.

बाहेर पडण्याचीही तीच कथा. कमिट न करता ‘एक्झिट’ लिहिलं तर एसक्यूएल प्लस आपणहून कमिट करतं. पीएसक्यूएलमध्ये उघडी ट्रान्झॅक्शन टाकून बाहेर पडलात तर सगळं रद्द. एसक्यूएल सर्व्हरची मॅनेजमेंट स्टुडिओ खिडकी बंद करताना विचारते, कमिट करू का? ओरॅकलमध्ये मध्येच एखादं टेबल बनवलं तरी आधीचे सगळे बदल परस्पर पक्के होतात. ‘कमिट कोणी केलं?’ हा प्रश्न आमच्याकडे खरोखर विचारला जातो, आणि पुष्कळदा उत्तर असतं, कोणीच नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं, कॉलम वाढवणंही ट्रान्झॅक्शनच्या आत राहतं. रिलीजची सबंध स्क्रिप्ट एका बिगिन आणि एका कमिटमध्ये बसवता येते, मध्ये फसली तर डेटाबेस जसाच्या तसा. ओरॅकलवरून आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा करून दाखवताना मला फार आनंद होतो.

एक्स्प्लेनबद्दल मात्र मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावते. ओरॅकलचं ‘एक्स्प्लेन प्लॅन’ क्वेरी कशी चालेल याची फक्त योजना दाखवतं. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्स्प्लेन’ला ‘ॲनलाइझ’ जोडलं की ती क्वेरी खरोखर चालते. डिलीटवर वापरलंत तर रो खरोखर उडतात.

वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालू असेल तर काय करायचं, यावर तिन्ही डेटाबेसांची उत्तरं वेगळी आहेत आणि मला हा या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ओरॅकल जुनी किंमत वेगळ्या जागी, अनडूमध्ये ठेवतं. तुमचा रिपोर्ट जेव्हा सुरू झाला तेव्हाचं चित्र तिथून उभं करतं. रिपोर्ट फार लांबला आणि अनडूवर नवं लिखाण झालं, की रिपोर्ट पडतो: ओआरए-०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड. पोस्टग्रेस जुनी रो त्याच टेबलात राहू देतं आणि नवी शेजारी लिहितं. जुन्या रो नंतर व्हॅक्यूम उचलतं. पण कोणी सकाळपासून ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बसलं असेल, तर त्याला लागतील म्हणून व्हॅक्यूम त्या रो उचलू शकत नाही आणि टेबल फुगत जातं. एसक्यूएल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये वाचणाऱ्याला लॉक सुटेपर्यंत थांबवतो. जुनी प्रत दाखवण्याचा पर्याय त्यात २००५पासून आहे, पण आपल्या सर्व्हरवर तो बसवला तर हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

लांबलेल्या कामाचा भुर्दंड ओरॅकलमध्ये बहुधा त्या कामालाच पडतो, पोस्टग्रेसमध्ये टेबलाला, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये रांगेत थांबलेल्या प्रत्येकाला. म्हणून ओरॅकलच्या माणसाला सकाळपासून उघडं असलेलं सेशन दिसलं तरी घाम फुटत नाही. पोस्टग्रेसवर तो फुटायला हवा. तिथला ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटांचा आहे. व्हॅक्यूम फार काळ अडून राहिलं आणि क्रमांक संपत आले, तर डेटा वाचवण्यासाठी सर्व्हर नवं लिखाण घेणंच बंद करतो. ही धास्ती शिकवून येत नाही. एखादं टेबल वाढताना पाहावं लागतं.

वेळेचाही असाच चकवा आहे. दिवसअखेरच्या बॅचमध्ये प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट नोंदवलेला असतो. ओरॅकलचं ‘सिसडेट’ घड्याळाबरोबर पुढे सरकतं. त्या जागी पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ घातलं की एका ट्रान्झॅक्शनमधल्या सगळ्या टप्प्यांवर एकच वेळ पडते, कारण ‘नाऊ’ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. हवं असतं ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’. आणि वेगासाठी ओरॅकलच्या क्वेरीत पेरलेल्या हिंट? पोस्टग्रेसच्या लेखी त्या नुसत्या कॉमेंट. क्वेरी चालते, हिंट मात्र ऐकली जात नाही.

इतकं सगळं वाचून वाटेल, की जुना अनुभव फुकट गेला. तसं नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते, कारण पंधरा-वीस वर्षं एका डेटाबेसवर काढलेली माणसं या टप्प्यावर मनातून खचलेली मी पाहिली आहेत. कालपर्यंत ज्यांच्याकडे सगळे धावत यायचे, त्यांना आज नुकत्याच लागलेल्या मुलाला विचारावं लागतं, “अरे, चालू सेशन कुठे बघायची?” ते सोपं नसतं.

मग एका रात्री पोस्टग्रेसच्या डिस्कचा अलार्म येतो. तरुण मुलगा मोठी टेबलं शोधत असतो. ज्येष्ठ सहकारी फोनवर एवढंच विचारतात, “लॉगचं आर्काइव्ह कुठे अडकलंय का बघ.” आज्ञा त्यांना ठाऊक नसते, प्रश्न ठाऊक असतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहायचा आणि मग फाइलमध्ये, हे तत्त्व तिन्हीकडे एकच आहे. लॉग पुढे हलला नाही की ओरॅकलमध्ये लिहिणारी सेशन गोठतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिखाण नाकारलं जातं, पोस्टग्रेसमध्ये डिस्क भरली की सर्व्हर बंद पडतो. लक्षणं तीन, दुखणं एक. त्या रात्री बंद पडलेल्या स्टँडबायसाठी राखून ठेवलेला एक रेप्लिकेशन स्लॉट जुना लॉग सोडत नव्हता. मुलाला स्लॉट म्हणजे काय ते ठाऊक होतं, पण तिकडे बघायचं हे सुचलं नव्हतं. दोघांनी मिळून तो काढला, जागा मोकळी झाली.

आता उलटा प्रवासही सुरू झाला आहे. पोस्टग्रेसवरच शिकलेली मुलं आमच्याकडे येतात आणि कित्येक जुन्या प्रणाली ओरॅकलवरच राहणार असल्याने त्यांना तिकडे बसावं लागतं. परवाच एकजण ईमेल रिकामा असलेले ग्राहक शोधत होता. अट लिहिली होती: ईमेल बरोबर रिकामी स्ट्रिंग. उत्तर शून्य रो. ओरॅकलसाठी रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल, आणि नलशी बरोबरी कधीच खरी ठरत नाही. तो खूश होऊन अहवालात ‘सर्व ग्राहकांचे ईमेल उपलब्ध’ असं लिहायला निघाला होता. शेजारच्या खुर्चीवरून ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “थांब, तिथे ‘इज नल’ लिही आणि पुन्हा चालव.” पडदा रोंनी भरला. मग दोघं मिळून त्या रिपोर्टमधल्या बाकीच्या अटी एकेक करून तपासायला बसले.