शहराला जॅक लावला!

मुलांनो, एस.टी. रस्त्यात पंक्चर झालेली तुम्ही पाहिली आहे ना? सगळे उतारू खाली उतरतात, ड्रायव्हरकाका गाडीखाली जॅक लावतात आणि दांडा फिरवू लागतात. बघता बघता एवढं मोठं धूड एका बाजूनं वर उचललं जातं! आता मी जर म्हटलं, की एका शहरात असेच जॅक लावून अख्ख्या इमारती उचलल्या आणि आतली माणसं खालीसुद्धा उतरली नाहीत, तर? आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, थाप!"

थाप मुळीच नाही. त्या शहराचं नाव शिकागो. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठचं हे शहर. जमीन सपाट आणि सरोवराच्या पाण्यापेक्षा जेमतेम उंच. त्यामुळे सांडपाणी वाहून जायला उतारच नव्हता. रस्त्यात बारा महिने चिखल आणि त्यातून रोगराई. १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा शंभरातली सुमारे सहा माणसं दगावली. तुमच्या वर्गात पन्नास मुलं असतील तर तीन बाकं... जाऊ दे, हिशेब तुम्हीच करा.

मग चेझब्रो नावाच्या इंजिनियरनं एक उपाय सुचवला. जमीन खोदून गटारं खाली नेता येत नाहीत ना? मग ती वरच बांधायची, त्यांवर मातीची भर घालायची आणि रस्ताच उंच करायचा! पण रस्ता वर गेला की घरं खड्ड्यात राहणार. म्हणून घरंही उचलायची.

जानेवारी १८५८ मध्ये पहिली विटांची इमारत उचलली. चार मजली, वजन साडेसातशे टन. तिच्याखाली दोनशे जॅक लावले आणि ती सहा फुटांहून जास्त वर घेतली. भिंतीला तडा गेला नाही! १८६० मध्ये तर लेक स्ट्रीटवरची दुकानांची रांगच्या रांग, तब्बल ३२० फूट लांब, एकदम उचलली. सहा हजार जॅक आणि सहाशे माणसं. इशारा झाला की सगळ्यांनी आपापले जॅक थोडे थोडे फिरवायचे, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. (आमच्याकडे शनिवारची कवायतसुद्धा इतकी एका तालात होत नाही!) पाच दिवसांत ती रांग साडेचार फुटांहून वर गेली. त्या पाचही दिवशी दुकानं उघडी होती आणि गिऱ्हाइकं येत-जात होती.

शिकागो वर गेलं, तर मेक्सिको सिटी खाली चाललीय. सुमारे सातशे वर्षांपूर्वी ॲझ्टेक लोकांनी तिथल्या सरोवरातल्या एका बेटावर आपली राजधानी वसवली. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ती जिंकली आणि पुढच्या काळात सरोवरच आटवलं. आज त्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर प्रचंड शहर उभं आहे आणि ते तहान भागवायला जमिनीखालचं पाणी उपसतं आहे. त्यामुळे काय होतं, ते घरी करून बघा. पाटी पुसायचा स्पंज चांगला भिजवा, त्यावर कंपासपेटी ठेवा आणि हळूहळू दाबा. पाणी निघालं की स्पंज बसतो. फरक एवढाच, की स्पंज पुन्हा फुगतो. तिथली माती एकदा दबली की पुन्हा वर येत नाही. शहराचे काही भाग वर्षाला पन्नास सेंटीमीटरपर्यंत खचतात. तुमच्या फुटपट्टीपेक्षाही जास्त! तिथे १९१० साली स्वातंत्र्याचं एक स्मारक उभारलं. उंच खांब आणि वर सोनेरी पंखांची मूर्ती. त्याचा पाया खोल असल्यामुळे ते जागच्या जागी राहिलं, पण भोवतालची जमीन मात्र खाली गेली. त्यामुळे खाली आणखी चौदा पायऱ्या बांधाव्या लागल्या.

व्हेनिस तुम्हाला चित्रांतून ठाऊक असेलच. तिथल्या मोठमोठ्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. लाकूड पाण्याखाली गाळात असतं, तिथं हवा पोचत नाही, म्हणून शेकडो वर्षं ते टिकलं आहे.

आणि आता एक चालणारं शहर. स्वीडनच्या अगदी उत्तरेला किरुना आहे. तिथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. गावाच्या पोटात लोखंडाची खाण आहे. खाण खोल जाऊ लागली तशी वरची जमीन सरकायला लागली, म्हणून गावच तीन किलोमीटर पूर्वेला न्यायचं ठरलं. नवं चौक, नवं नगरभवन झालं. पण १९१२ साली बांधलेलं लाकडी चर्च? ते मोडून टाकायला मन होईना. ऑगस्ट २०२५ मध्ये ६७२ टनांचं ते चर्च तसंच्या तसं चाकांच्या गाड्यांवर चढवलं. त्यासाठी आधी रस्ता रुंद केला होता. पाच किलोमीटर जायला दोन दिवस लागले. मुंगीच्या पावलानं चर्च चाललंय आणि दोन्ही बाजूंना गावकरी दाटीनं उभे आहेत, असा तो देखावा होता.

हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा "थाप" म्हणणारा मुलगा गप्प होता. बोलली ती खिडकीजवळची मुलगी. तिच्या आजीचं गाव उजनी धरणात गेलंय. "बाई, आमच्या लोकांनी देव उचलून नव्या गावात आणला. देऊळ तिथंच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस दिसतो. मग आजी आम्हाला काठावर घेऊन जाते आणि हात करून दाखवते, तिथं आमचं घर होतं, तिथं चिंच होती..."

मग म्हणाली, "बाई, तेव्हा एवढी मोठी गाडी नव्हती का हो?"