डागडुजी: एका शाईच्या पेनाचा मागोवा

दौत-टाक मागे पडून शाईचे पेन सर्वसामान्य कारकुनाच्या खिशात आले, आणि त्याच खिशातून पुढे ते नाहीसेही झाले, या दोन घटनांमधला काळ फार तर अर्ध्या शतकाचा आहे. आणि तो जवळजवळ सबंध काळ माझ्या वडिलांच्या एका काळ्या एबोनाइटच्या पेनाने पाहिला असल्यामुळे, त्या पेनाच्या मोडतोडीची व डागडुजीची हकीकत सांगू लागलो की त्या काळाचा बराचसा इतिहास तिच्यात आपसूक येतो.

वडील १९५२ साली मामलेदार कचेरीत अव्वल कारकून झाले तेव्हा त्यांनी ते पेन घेतले. त्यापूर्वीचे त्यांचे सारे लेखन टाकाने झालेले होते. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून दौत भरायची, टाक बुडवून दोन ओळी लिहायच्या, पुन्हा बुडवायचा, आणि पान उलटण्यापूर्वी टीपकागद फिरवायचा, हा त्यांच्या दिवसाचा ठरलेला क्रम होता. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या होत्या, आणि पुढे त्याच घराण्याची कॅमल शाई फाउंटन पेनांसाठी घरोघर गेली. एका मराठी कारखान्याच्या मालात झालेला हा बदल म्हणजेच महाराष्ट्राच्या लेखनसाधनांत झालेला बदल होय. त्याच्याही मागे गेले तर बोरू आणि काजळाची शाई. पेशवे दप्तरातील कागदांवरची ती शाई दोन-दोन शतके उलटली तरी काळीभोर आहे; परंतु तिचे हे टिकाऊपण ज्या काजळात आणि डिंकात आहे तेच शाईच्या पेनाला घातक ठरते, कारण काजळाचे कण आणि वाळलेला डिंक पेनाच्या बारीक खाचांत एकदा बसले की शाईची वाट बंद होते. नव्या साधनाला पाण्यात पूर्णपणे विरघळलेल्या रंगाची नवी शाई लागली, आणि कागदावरचा मजकूर पाण्याच्या एका थेंबाने फिसकटू लागला, तो तेव्हापासून.

पेन ड्रॉपरने भरायचे होते. त्याच्या पोटात रबरी पिशवी नाही, दांडा नाही, खटका नाही; पुढचा भाग आट्यांवर फिरवून काढायचा, पोकळ नळीत काचेच्या ड्रॉपरने शाई सोडायची, आट्यांना किंचित मेण लावून पुन्हा घट्ट बसवायचे, एवढेच. रविवारी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून वडील हे काम करीत आणि त्या वेळी कोणी त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नसे. पेन अर्ध्याहून अधिक रिकामे होऊ द्यायचे नाही असा त्यांचा दंडक होता, व त्याला शास्त्राचा आधार होता: नळीत शाईपेक्षा हवा अधिक झाली की हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते, मग ऐन सहीच्या वेळी कागदावर टपोरा डाग पडतो. निबेखालच्या काळ्या जिभेत एक उभी खाच असते, तिच्यातून शाई खाली उतरते आणि तितकीच हवा वर जाते; ही देवघेव नीट साधावी यासाठी न्यूयॉर्कच्या वॉटरमन यांनी १८८४ साली जिभेच्या एका रचनेचे पेटंट घेतले, आणि आजही शाईचे कोणतेही पेन त्याच तत्त्वावर लिहिते. यंत्र म्हणावे असे त्यात काही नाही. आहे ते केवळ केशाकर्षण आणि हवेचा दाब. म्हणूनच ते साध्या हातांनी दुरुस्त करता येते.

आणि ते दुरुस्त करणारे हात त्या काळी हवे तितके होते. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आवाहनावरून एबोनाइटचे पेन घडवले, ते गांधीजींनी वापरून पाहिले आणि बाजारातील परदेशी पेनांच्या जागी ते चालेल असे १९३५ साली त्यांना कळवले. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन आयातीवर निर्बंध आले तेव्हा, मुंबई-कलकत्त्यापासून लहान गावांपर्यंत देशी पेनांना बरकत आली. पेने देशात होऊ लागली तसे ती दुरुस्त करणारेही तालुक्या-तालुक्याला दिसू लागले. आमच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी एक कारागीर काचेची उथळ पेटी घेऊन बसत; पेटीत निबा, जिभा, क्लिपा, टोपणे निरनिराळ्या खणांत लावलेली असत, आणि शेजारी पाण्याची वाटी, जुने फडके, भिंग व लाखेची कुपी. गिऱ्हाइकाने पेन पुढे केले की ते आधी त्याच्या हातात कागद देऊन लिहायला सांगत आणि तो पेन कसे धरतो ते पाहात. मगच निबेला हात लावीत. काम झाले की गिऱ्हाइकाने प्रथम 'श्री' काढायचा. ती अक्षरे काढलेले कागद ते पेटीखाली जपून ठेवीत, फेकीत नसत. त्या माणसाच्या ठायी आपल्या कामाविषयी जो आदर होता तो पुढे मला मोठमोठ्या कचेऱ्यांतही क्वचितच आढळला.

बॉलपेन आले आणि हे सारे ओसरले. बिरो या हंगेरियन गृहस्थांनी १९३८ साली त्याचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे ते रूढ व्हायला पुष्कळ वर्षे गेली, आणि अक्षर बिघडते म्हणून आमच्या शिक्षकांनी त्याला कसून विरोध केला. त्यांचा विरोध मला आजही योग्य वाटतो. बॉलपेनाला दाब लागतो, निबेला लागत नाही. दाबून लिहिणारा हात लवकर थकतो, आणि थकलेला हात आधी वेलांट्या व मात्रा यांची हयगय करतो. पण बॉलपेन गळत नाही, भरावे लागत नाही आणि संपले की टाकून देता येते, या तीन गुणांपुढे अक्षराची बाजू टिकली नाही. बाजारपेठेच्या तोंडाशी बसणारे ते कारागीर एका पावसाळ्यानंतर पुन्हा बसले नाहीत.

वडिलांच्या पश्चात पेन माझ्याकडे आले, आणि पुढे कित्येक वर्षे बिनतक्रार चालले. एक खोट मात्र त्यात हळूहळू येत होती. लिहिताना टोपण पेनाच्या मागच्या टोकाला खोचून ठेवण्याची घरात सर्वांनाच सवय, आणि या खोचण्याने टोपणाचा काठ रोज थोडा ताणला जात होता. पेनांच्या टोपणांवर जे सोनेरी कडे दिसते ते मुळात शोभेसाठी आलेले नाही. काठ तडकू नये म्हणून ते बसवू लागले, शोभा मागाहून आली. आमच्या पेनाला कडे नव्हते. काठावर केसाएवढी भेग पडली, ती वाढत गेली, आणि एके दिवशी पुतण्याचा धक्का लागून पेन टेबलावरून शहाबादी फरशीवर निबेवर पडले तेव्हा टोपणाची भेग निम्म्यापर्यंत चढली, निबेचा उजवा पाय वर वळला आणि निब-जीभ आपल्या जागी सैल झाली.

एका दुकानदाराने निब बदलण्यास सांगितले. वास्तविक ते सोपे होते. पण निब बदलायची नव्हती. चौदा कॅरटच्या त्या निबेत सोने शेकडा साडेअठ्ठावन्न भाग असते म्हणून नव्हे, तर तिच्या टोकावरचा कठीण धातूचा मणी वडिलांच्या आणि नंतर माझ्या हाताच्या कलाने वर्षानुवर्षे घासला गेला होता म्हणून. असा मणी विकत मिळत नाही. दुसऱ्या दुकानात क्षणार्धात चिकटणाऱ्या गोंदाने निब आणि जीभ पक्की करून देण्यात आली. वरकरणी काम झाले होते. पण गोंद खाचेत उतरला होता, शाई अडली होती, आणि आता जीभ बाहेर काढून धुण्याची सोयच उरली नव्हती. पेन टेबलाच्या खणात गेले. मी इतर पेनांनी लिहीत राहिलो, पण माझे अक्षर मला परके वाटू लागले. पत्रे लहान होत गेली, आणि रोजनिशीत तर तारखेपुढे एखादी ओळच पडू लागली. या गोष्टीचे मला मनापासून दुःख झाले आणि ते लपवावे असे मला वाटत नाही.

पेन पुन्हा उजेडात आले ते एका निवृत्त कारागिरामुळे. त्यांची दृष्टी मंद झाली होती आणि ते स्वतः काम करीत नव्हते. पण समोर बसून सांगायला तयार होते. त्यांनी पेन हातात घेऊन नखाने टिचकी मारली, नाकाशी नेऊन गंधकाचा वास येतो का पाहिले, आणि हे खरे एबोनाइट आहे, सेल्युलॉइड नाही, अशी खात्री करून घेतली. या खात्रीवर पुढचे सगळे अवलंबून होते. तो गोंद अॅसिटोनमध्ये विरघळतो. एबोनाइट म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, ते अॅसिटोनला सहसा दाद देत नाही. सेल्युलॉइडचे पेन मात्र त्यात मऊ पडून कायमचे बिघडले असते. कापसाच्या बोळ्याने थोडे थोडे अॅसिटोन लावत, थांबत, पुसत, अखेर निब आणि जीभ अलग झाली, आणि जिभेच्या खाचेतून वाळलेल्या गोंदाची पांढरट पापडी निघाली.

"जोड असा करावा, की मागाहून येणाऱ्याला तो सोडवता यावा," असे ते म्हणाले. पेनाच्या कामात लाख वापरतात ती याच कारणाने. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की चिकटते, शाईने सुटत नाही, आणि पुढे कधी उघडायची वेळ आली तर हलक्या उबेने मऊ होते. पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्याकडे सोनार पोकळ दागिन्यांत शतकानुशतके भरीत आले आहेत; रबरी पिशवीची परदेशी पेनेही त्याच लाखेने जोडली जात.

निब सरळ करण्याचे काम सर्वांत सावकाश झाले. सागाच्या गुळगुळीत तुकड्यावर निब पालथी ठेवायची, पितळेच्या बारीक गोल कांबीने वळलेला पाय मुळापासून टोकाकडे दाबत न्यायचा, भिंगातून पाहायचे, पुन्हा दाबायचे. सोने मऊ म्हणून ते वळते. पण तीच जागा पुनःपुन्हा वाकवली की कठीण होते आणि तडकते, त्यामुळे प्रत्येक दाब मोजूनमापून द्यावा लागतो. दोन्ही पाय एका पातळीत आले की नाही हे डोळ्याला कळत नाही. नखावर निब हलकेच फिरवली की कोणता पाय ओरबाडतो ते कळते. मग पितळेच्या अतिपातळ पत्र्याने मधली चीर साफ केली. जीभ गरम पाण्यात क्षणभर धरून मऊ केली आणि निबेला सर्वांगी टेकेल अशी दाबून बसवली. फार वेळ धरता येत नाही, कारण ऊन पाण्याने आणि उजेडाने एबोनाइटचा काळा रंग उतरून तपकिरी-हिरवट होतो. आमच्या पेनाची मधली नळी तशी आधीच झालेली आहे, आणि मी ती घासून काळी केलेली नाही.

टोपणाचे काम त्या कारागिरांनी सोनाराकडे सोपवले. एबोनाइट कोणत्याही द्रावकाने विरघळवून सांधता येत नाही, तेव्हा भेग बुजत नाही. तिला फक्त आवळून धरता येते. लेथवाल्याकडून काठाभोवती उथळ खाच पाडून घेतली, सोनाराने भेगेत पातळ लाख सोडली, आणि चांदीच्या पट्टीचे वळे करून त्या खाचेत असे बसवले की बोट फिरवले तरी कड लागू नये. वळ्याचे वजन त्याने काट्यावर पाहिले ते केवळ हिशेबासाठी. मजुरी घेताना मात्र तो संकोचला आणि वडिलांचे नाव आत कोरू का म्हणून विचारू लागला. मी नको म्हटले. पेन वडिलांचे आहे हे आम्हां घरच्यांना ठाऊक आहे.

आज ते पेन लिहिते. पूर्वीसारखेच लिहिते असे म्हणणार नाही: रेघ खालून वर जाते तेव्हा अजूनही किंचित खरखर होते, आणि भेग चांदीच्या वर स्पष्ट दिसते. पण शाई अडत नाही, आट्यांतून गळत नाही, आणि हा मजकूर त्याच निबेने लिहिला आहे. अलीकडे तरुण मंडळी पुन्हा शाईच्या पेनाकडे वळत आहेत, देशात एबोनाइटची पेने अजूनही हाताने घडवली जातात, शाईही नाना रंगांची मिळते. उणीव आहे ती दुरुस्ती करणाऱ्यांची आणि सुट्या भागांची. तेव्हा वाचकांना दोनच विनंत्या आहेत. जुने पेन दुरुस्तीस द्याल तेव्हा त्याला झटपट चिकटणारा गोंद लावू देऊ नका, लाखच लावायला सांगा. आणि घरातल्या खणांत वडीलधाऱ्यांच्या पेनांची टोपणे, निबा, जिभा पडून असतील तर त्या भंगारात घालू नका, एखाद्या जाणत्या कारागिराकडे पोचत्या करा. कोणाच्या तरी बंद पडलेल्या पेनाला नेमक्या त्याच हव्या असतात.