ओनोनपासून तापीपर्यंत

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा, रावेर अशी केळीच्या बागांमधून बऱ्हाणपुरात पोचते. त्यापुढे सातपुडा आडवा येतो, पण नेमका तिथेच तो खचलेला आहे. खिंडीवर पहाऱ्याला बसल्यासारखा अशीरगड. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग टाकणाऱ्यांनी हीच वाट निवडली, कारण नर्मदेकडून तापीच्या खोऱ्यात उतरायला इतकी सोपी वाट क्वचितच सापडते. त्यांच्याआधी कित्येक शतकं फौजांनीही हीच वाट धरली होती. त्या फौजांचे धनी कोण होते हे मागे मागे शोधत गेलं, की आपण हिमालयापलीकडे एका गवताळ माळावर जाऊन पोचतो.

तो माळ मांचुरियापासून हंगेरीपर्यंत सात-आठ हजार किलोमीटर पसरलेला आहे. जगभर त्याला स्टेप म्हणतात. पाऊस बेताचा, शेती कठीण, गवत मात्र अमाप. तिथली माणसं मेंढ्या, उंट आणि घोडे घेऊन ऋतूप्रमाणे कुरणं बदलत. मूल चालायला लागलं की थोड्याच दिवसांत घोड्यावर बसे. ज्याला आपण युद्धकला म्हणतो ती त्यांची रोजची उपजीविका होती: दौडत्या घोड्यावरून नेम धरणं, कळप घेरणं, थंडीत दिवसेंदिवस खोगिरावर काढणं.

त्यांचं धनुष्य जवळून पाहण्यासारखं आहे. मधे लाकूड, पोटाच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या, पाठीला जनावरांच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात. म्हणून घोड्यावर बसून वापरता येईल एवढं आखूड धनुष्यही लांब धनुष्याच्या जोराने बाण फेकतं. ते तयार व्हायला महिनोन् महिने लागत, कारण सरस सावकाश वाळावा लागतो. दमट हवेत तो सुटू लागतो, हे आपल्या पावसाळ्याच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखं.

या माळावरून लाटा उठत आल्या त्या फार जुन्या काळापासून. हूण आले, तुर्क आले. सेल्जुक तुर्कांनी १०७१ मध्ये मान्झिकर्टला बायझंटाइन सम्राटालाच कैद केलं. पण सगळ्यांत मोठी लाट ओनोन नदीकाठी उठली. १२०६ मध्ये तिथे भरलेल्या टोळ्यांच्या सभेने तेमुजिन नावाच्या सरदाराला चंगीझ खान हे पद दिलं. जुनी कुळं फोडून त्याने फौज दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा तुकड्यांत बांधली. माणसाची निष्ठा आता कुळाशी नव्हे, तुकडीशी. मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या वलयांवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे, की १२११ ते १२२५ ही वर्षं तिथे सलग ओली गेली. ओलं वर्ष म्हणजे जास्त गवत, जास्त गवत म्हणजे जास्त घोडे. चंगीझचं कर्तृत्व त्याने कमी होत नाही, पण त्या झंझावाताला दाणापाणी कुठून मिळालं ते कळतं.

त्याच सुमारास आपल्या खानदेशात काय चाललं होतं? चाळीसगावजवळच्या पाटणला यादवांचे मांडलिक निकुंभ राजे राज्य करत होते. शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ चा तिथला शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि राजाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नातलं मठाला काय मिळावं ते त्यात नोंदलं आहे. एकीकडे जग उलथवणारी फौज उभी राहते आहे आणि दुसरीकडे पाटणच्या डोंगरात गणिताच्या शाळेची तजवीज होते आहे. ही दोन टोकं पुढे एकमेकांना भेटली, ते सांगतोच.

१२१९ मध्ये चंगीझने ख्वारिझमवर स्वारी केली. बुखारा, समरकंद पडले. तिथला राजपुत्र जलालुद्दीन पळत सिंधूपर्यंत आला. १२२१ मध्ये नदीकाठी वेढला गेल्यावर त्याने घोड्यासकट पाण्यात उडी घेतली आणि पैलतीर गाठला. दिल्लीच्या सुलतान अल्तमशने त्याला आश्रय नाकारला. अल्तमश स्वतः स्टेपवरचाच तुर्क, गुलाम म्हणून विकला गेलेला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. तुर्की टोळ्यांतली मुलं गुलामांच्या बाजारात विकली जात, घोडदळात वाढत आणि सेनापती होत. इजिप्तच्या ममलुकांनी १२६० मध्ये ऐन जालुतला मंगोलांना हरवलं, तेही असेच. कैरो काय, दिल्ली काय, मंगोलांना अडवलं ते बव्हंशी त्यांच्याच माळावरच्या माणसांनी.

मंगोल हिंदुस्थानात घुसून राहिले का नाहीत, याची उत्तरं अनेक दिली जातात. उष्णता, दिल्लीची फौज, त्यांची आपसातली भांडणं. मला त्यात चाऱ्याचं पारडं जड वाटतं. मंगोल स्वार एकच घोडा घेऊन निघत नसे, पाठीशी तीन-चार घोडे असत. दहा हजारांची तुकडी म्हणजे तीस-चाळीस हजार घोडे. एका घोड्याला दिवसाला आठ किलो सुकी वैरण धरली तरी रोज तीनशे टन. स्टेपवर ती जमिनीवर उभी असते. मंगोल घोडा खुराने बर्फ उकरूनही गवत काढतो. पंजाब ओलांडला की शेतं लागतात. तिथे घोडा धान्यावर आणि कडब्यावर पोसावा लागतो, आणि ते शेतकऱ्याकडून, म्हणजे राज्य चालवणाऱ्याकडूनच मिळतं. लूट करून एक हंगाम निघतो, पुढचा निघत नाही.

आता दख्खनेकडे येऊ. १२९६ च्या आरंभी कडाचा सुभेदार अलाउद्दीन खलजी काही हजार स्वार घेऊन विदिशा, अचलपूरवरून थेट देवगिरीवर चालून आला. चुलत्याला, सुलतान जलालुद्दीनला, त्याचा पत्ताही नव्हता. यादव राजा रामदेवराय याची मुख्य फौज मुलाबरोबर बाहेर होती. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की घाईघाईने किल्ल्यात चढवलेल्या धान्याच्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यांत मीठ निघालं. देवगिरी झुकली. त्या खजिन्याच्या बळावर अलाउद्दीनने चुलत्याचा खून पचवला. दिल्लीकडे जाताना तो मुक्कामामुक्कामाला गोफणयंत्रातून सोनं उधळत गेला, असं इतिहासकार बरनीने लिहिलं आहे.

लगेच मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. १२९९ मध्ये कुतलुग ख्वाजा दिल्लीजवळ कीलीपर्यंत आला. त्या लढाईत अलाउद्दीनचा सेनापती जफरखान पाठलागात एकटा पडला आणि मारला गेला. १३०३ मध्ये फौज चितोडच्या मोहिमेने झिजलेली असताना तरघीने दिल्लीला वेढा घातला आणि सुलतानाला सीरीत कोंडून घ्यावं लागलं. तो वेढा उठल्यावर अलाउद्दीनने जे केलं ते शाळेत आपण 'बाजार नियंत्रण' म्हणून शिकतो. त्याचं कारण मात्र थोडे शिकवतात: स्वस्तात मोठं घोडदळ पोसायचं होतं. स्वाराचा वर्षाचा पगार २३४ टंक, जादा घोडा बाळगला तर आणखी ७८. पहिल्या प्रतीच्या घोड्याचा भाव १०० ते १२० टंक बांधून दिलेला, तट्टू १० ते २५ टंकांना. धान्याचे भाव बांधले ते त्या पगारात स्वाराचं भागावं म्हणून. आणि प्रत्येक घोड्यावर डाग, म्हणजे तापल्या लोखंडाची खूण, की पाहणीच्या वेळी चांगल्या घोड्याऐवजी मरतुकडं तट्टू उभं करता येऊ नये. १३०५ मध्ये अमरोह्याला आणि पुढच्या वर्षी रावीकाठी मंगोल फौजा निर्णायक हरल्या. पुढे १३०७ मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर पुन्हा देवगिरीला आला तो थकलेली खंडणी वसूल करायला.

मंगोल दख्खनेत कधीच आले नाहीत, पण त्यांना रोखण्याच्या खर्चाला यादवांचं सोनं लागलं. आपल्या इतिहासात या दोन प्रकरणांची पानं वेगवेगळी शिवली जातात. ती एकत्र वाचायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

खानदेशात तोवर नवं राज्य उभं राहत होतं. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. थाळनेर शिरपूर तालुक्यात, तापीच्या ऐन काठावर. तिथे फारुकी घराण्याच्या कबरी आजही उभ्या आहेत. १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. १३९८ च्या डिसेंबरात तैमूरने दिल्ली लुटली. तैमूर बरलास टोळीचा. कूळ मंगोल, बोली तुर्की. त्या घावानंतर गुजरात, माळवा सुटले आणि दिल्लीला तापीकडे पाहायला सवडच उरली नाही. मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने आसा अहिराकडून अशीरगड घेतला. डोल्यांतून बायका पाठवतो असं सांगून त्याने सैनिक आत घातले, अशी कथा आहे. त्यानेच तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं आणि खुलदाबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं.

दोन शतकांनी तैमूरचा वंशज त्या दाराशी आला. बाबर बापाकडून तैमूरचा, आईकडून चंगीझचा. अकबर त्याचा नातू. १५९१ मध्ये अकबराने खानदेशच्या राजा अली खानाकडे वकील म्हणून कवी फैजीला पाठवलं. याच फैजीने चार वर्षं आधी, १५८७ मध्ये, भास्कराचार्यांची 'लीलावती' फारसीत आणली होती. ज्या घराण्याचा मठ पाटणला होता, त्याच घराण्याचं गणित मंगोल-तुर्की वंशाच्या बादशहाच्या दरबारात फारसीतून वाचलं गेलं आणि तो अनुवादक खुद्द तापीकाठी येऊन राहिला. यात नवल एवढंच नाही. मंगोलांच्याच हुलागूने १२५८ मध्ये बगदाद बुडवलं आणि वर्षभरातच मरागा इथे वेधशाळेला हात घातला. तैमूरचा नातू उलुगबेग याने समरकंदला वेधशाळा बांधली. शहरं जाळणाऱ्यांच्या घरात तारे मोजणारे निपजले, ही दोन्ही सत्यं सोबत सांगावी लागतात. बगदादमध्ये मेलेल्यांचं दुःख वेधशाळेने फिटत नाही.

राजा अली खान १५९७ मध्ये गोदाकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. त्याचा मुलगा बहादूर अशीरगडावर जाऊन बसला. मग अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन थांबला, कारण घोडा किल्ल्यावर चढत नाही. मैदानात जगाला भारी पडलेलं घोडदळ या एका डोंगरापुढे महिनोन् महिने खोळंबलं. गडात रोगाची साथ पसरली, फितुरीही झाली म्हणतात. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं दानदेश केलं. ते नाव टिकलं नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अली खानाचा संस्कृत लेख आहे, त्याच मशिदीत अकबराचा फारसी लेखही आहे. एकदा जाऊन दोन्ही पाहावेत, भुसावळहून तासाभराचा तर रस्ता.

बऱ्हाणपूर मोगलांचा दख्खनेतला तळ झालं ते खिंडीमुळे, तसं वैरणीमुळेही. 'आईन-ए-अकबरी'त खानदेशचं मुख्य पीक ज्वारी म्हणून नोंदलं आहे. ज्वारी म्हणजे माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा. ज्या काळ्या कसदार पट्ट्यात आज केळी दिसते, तिथे तेव्हा फौजेचा चारा उगवत होता. मोगल मनसबी दहापासून पुढे चढत जायच्या. चंगीझची दशमान बांधणीच ती, हिंदुस्थानी शेतसाऱ्यावर बसवलेली. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगीरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पुढे पंचहजारी. त्यातही तिचा अंश ओळखू येतो.

पण मराठ्यांचा घोडा वेगळा. भीमथडीचं तट्टू अंगाने लहान, मिळेल त्यावर भागवणारं, घाटात पाय न चुकणारं. अरबी आणि तुर्की घोडे दरसाल हजारोंनी आयात करावे लागत. हे इथेच पैदा होत होतं. १६७० च्या अखेरीस महाराजांच्या फौजा खानदेशातून कारंजापर्यंत गेल्या. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांनी बऱ्हाणपूरचं बहादूरपूर लुटलं. दिल्लीकडून येणाऱ्यांचा रस्ता आता दक्षिणेकडूनही वाजू लागला.

घोड्यांचा तो व्यवहार खानदेशात अजून जिवंत आहे. शहाद्याजवळ सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार बसतो. मारवाडी, काठेवाडी घोडे येतात, पंजाबकडचे पांढरे नुकरे येतात. जाणकार गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दातांवरून वय पाहतं, मग चारही पायांवरून हात फिरवतं, गळ्याखाली देवमण आहे का ते शोधतं. चार पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला भाव चढा. शेवटी चाल पाहायची. एकेका घोड्याभोवती तासन् तास सौदा चालतो. गाड्या-मोटारींच्या काळात हे लोक घोड्यावर एवढा जीव का लावतात, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर अशीरगड आणि बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्याच वसंतात सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून निघून बऱ्हाणपुरावरून, याच खिंडीतून उत्तरेला गेली. पानिपतावर अब्दालीने रसद तोडली. जानेवारी १७६१ उजाडेपर्यंत छावणीतली घोडी वैरणीवाचून मरू लागली होती आणि १४ जानेवारीला जे उरलं त्याच्यावर बसून मराठे लढायला बाहेर पडले.